तहात बरोबरी, आठवणीत विजय

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

ऑलिम्पिकच्या दिवसांत रात्री जागून सामने बघणाऱ्यांच्या कानावर अमेरिकेचं राष्ट्रगीत हमखास पडतं. पदकं मिळवण्यात तो देश पुढे, त्यामुळे ते वाजतंही वारंवार. ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनी ते एखाद्या शाळेच्या समारंभात उभं राहून ऐकलं असेल. पण या गीतात नेमकं आहे तरी काय, असं विचारलं तर पुष्कळांना सांगता येणार नाही. त्यात देशातल्या नद्यांचं, डोंगरांचं वर्णन मुख्य नाही. एका रात्री एका किल्ल्यावर तोफांचा भडिमार झाला. पहाटे त्या किल्ल्यावर आपला झेंडा अजून फडकतो आहे की नाही, ही धाकधूक त्या गीतात आहे. एका लढाईच्या एका रात्रीवर अख्ख्या देशाचं राष्ट्रगीत उभं आहे.

ही लढाई कोणत्या युद्धातली? स्वातंत्र्ययुद्धातली नव्हे. ते १७८३ मध्येच संपलं होतं. ही आहे १८१२ ते १८१५ या काळात अमेरिकेने पुन्हा एकदा इंग्लंडशी केलेल्या युद्धातली. आपल्याला बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा माहीत असतो, जॉर्ज वॉशिंग्टन माहीत असतो, पुढे एकदम अब्राहम लिंकन. मधलं हे युद्ध आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही. १८१२ म्हटलं की आपल्यालाही नेपोलियनची मॉस्कोवरची स्वारीच आठवते. तरीही आज मी या युद्धाबद्दल बोलणार आहे. राष्ट्राचा अभिमान कसा घडतो, तो काय लक्षात ठेवतो, काय विसरतो, आणि त्या विसरण्याचे परिणाम कुणाला भोगावे लागतात, हे या अडीच वर्षांत फार स्वच्छ दिसतं.

भांडणाचं मूळ समुद्रावर होतं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तेव्हा जीवनमरणाची झुंज चालू होती. अमेरिका तटस्थ होती. तटस्थ माणसाला दोघांशीही व्यापार करता येतो, आणि अमेरिकेच्या व्यापाऱ्यांनी तो मनसोक्त केला. मग नेपोलियनने १८०६ मध्ये फर्मान काढून इंग्लंडशी होणारा व्यापार बंद केला, आणि इंग्लंडने १८०७ मध्ये उलट हुकूम काढले की फ्रान्सच्या ताब्यातल्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांना आमची परवानगी लागेल. दोन बलाढ्यांच्या मारामारीत तिसऱ्याची जहाजं दोघांकडूनही पकडली जाऊ लागली.

त्याहून झोंबणारी गोष्ट वेगळीच होती. इंग्लंडच्या आरमाराला खलाशी कमी पडत होते. तिथला पगार तुटपुंजा, शिस्त चाबकाची. त्यामुळे कितीतरी इंग्रज खलाशी पळून जाऊन अमेरिकन व्यापारी जहाजांवर नोकरी धरत. मग इंग्रज युद्धनौका भर समुद्रात अमेरिकन जहाज थांबवायची, अधिकारी वर चढायचा, खलाशांना रांगेत उभं करायचा आणि ‘हा आमचा माणूस’ म्हणून हवा तो उचलून न्यायचा. इंग्लंडचं म्हणणं असं, की इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस मरेपर्यंत राजाचा प्रजाजन. अमेरिकेने त्याला नागरिकत्व दिलं, तरी आम्ही ते मानत नाही. या धरपकडीत जन्माने अमेरिकन असलेलेही हजारो खलाशी सापडले. श्रोतेहो, नागरिकत्व जन्माने ठरतं की माणसाच्या निवडीने, हा प्रश्न आज परदेशी जाऊन राहणाऱ्या आपल्या माणसांनाही नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी तो तोफांच्या तोंडी गेला होता.

२२ जून १८०७ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ‘लेपर्ड’ या इंग्रज युद्धनौकेने ‘चेसापीक’ला थांबवलं. हे व्यापारी जहाज नव्हतं, अमेरिकन आरमाराची फ्रिगेट होती. तिच्या कप्तानाने झडतीला नकार दिला, तेव्हा इंग्रजांनी जवळून तोफा डागल्या. तीन अमेरिकन जागीच ठार झाले, अठरा जखमी झाले, आणि इंग्रज चार खलाशी घेऊन गेले. त्यांतल्या एकाला पुढे हॅलिफॅक्सला फाशी देण्यात आलं. साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. त्या दिवशी अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी नुसती मान हलवली असती तरी युद्ध झालं असतं.

जेफर्सन यांनी ते टाळलं. त्यांना वाटलं, तोफांपेक्षा व्यापार हे अधिक चांगलं हत्यार आहे. डिसेंबर १८०७ मध्ये त्यांनी कायदा करून आपल्याच जहाजांना परदेशी जायला बंदी घातली. अमेरिकेचा कापूस आणि धान्य मिळालं नाही की इंग्लंड आपोआप वठणीवर येईल, असा हिशेब. प्रत्यक्षात आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यासारखं झालं. १८०७ मध्ये १० कोटी ८० लाख डॉलरच्या घरात असलेली निर्यात पुढच्या वर्षी २ कोटी २० लाखांवर आली. न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली, खलाशी बेकार झाले, कॅनडाच्या सीमेवरून चोरटा व्यापार बोकाळला. इंग्लंड हललं नाही. मार्च १८०९ मध्ये ही बंदी उठवावी लागली. म्हणजे अपमान तसाच राहिला, वर हे हसं झालं.

या वातावरणात १८११ मध्ये काँग्रेसमध्ये एक नवी तरुण फळी आली. केंटकीचे हेन्री क्ले, दक्षिण कॅरोलिनाचे जॉन कॅलहून ही त्यांतली ठळक नावं. स्वातंत्र्ययुद्ध यांनी लढलेलं नव्हतं, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. क्ले तर चौतिसाव्या वर्षी प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले. लोक त्यांना ‘युद्धाचे ससाणे’ म्हणू लागले. आपल्या वडिलांनी मिळवलेलं स्वातंत्र्य आपण भित्रेपणाने घालवतो आहोत, ही त्यांची भावना खरी होती. पण तिच्या जोडीला जमिनीची भूकही होती. पश्चिम सीमेवर टेकुमसेह नावाचा शॉनी जमातीचा एक विलक्षण नेता तिथल्या मूळ रहिवाशांच्या वेगवेगळ्या जमातींची एकजूट बांधत होता. जमीन ही सर्वांची आहे, एका जमातीला ती परस्पर विकता येणार नाही, असं तो सांगे. त्याच्या पाठीशी कॅनडातले इंग्रज आहेत, असा सीमेवरच्या गोऱ्या वसाहतवाल्यांचा पक्का समज होता. कॅनडा घेतला की दोन्ही प्रश्न एकदम सुटतील, असं बोललं जाऊ लागलं.

१८ जून १८१२ रोजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या सहीने युद्ध पुकारलं गेलं. मतदान होतं प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. फेडरलिस्ट या विरोधी पक्षाच्या एकाही सदस्याने युद्धाच्या बाजूने मत दिलं नाही. आणखी एक विचित्र गोष्ट पाहा. ज्यांचे खलाशी पळवले जात होते, ज्यांची जहाजं पकडली जात होती, त्या न्यू इंग्लंडच्या किनारी राज्यांचाच युद्धाला सर्वांत जास्त विरोध होता. आणि ज्यांनी समुद्र क्वचितच पाहिला असेल, त्या आतल्या राज्यांना खलाशांच्या मानासाठी लढायचं होतं. व्यापाऱ्याला नुकसान मोजता येतं. अपमान मात्र दूर राहणाऱ्यालाही तितकाच झोंबतो.

दैवाचा खेळ असा, की युद्धाची घोषणा झाल्यावर पाचच दिवसांनी, २३ जूनला, इंग्लंडने व्यापारावर बंधनं घालणारे ते हुकूम मागे घेतले. बातमी अटलांटिक ओलांडून यायला कित्येक आठवडे लागत. ती आली तेव्हा फौजा निघालेल्या होत्या. सक्तीच्या खलाशीभरतीचा मुद्दा राहिला होता. त्यावर दोघंही मागे सरायला तयार नव्हते.

तयारी काय होती? युद्धापूर्वीचं खडं सैन्य जेमतेम सात हजार. आरमारात लढाऊ जहाजं वीसही नाहीत. समोर पाचशेहून अधिक युद्धनौका असलेलं जगातलं सर्वांत मोठं आरमार. भिस्त होती ती अमेरिकेची लोकसंख्या ७० लाखांवर आणि कॅनडाची जेमतेम ५ लाख, या गणितावर. क्वेबेकच्या परिसरापर्यंतचा कॅनडा यंदा घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम आहे, असं जेफर्सन यांनी ऑगस्ट १८१२ मध्ये एका पत्रात लिहिलं. त्याच महिन्यात काय घडलं ते ऐका.

जनरल विल्यम हल हे स्वातंत्र्ययुद्धात नाव कमावलेले सेनानी. त्यांनी कॅनडावर चाल केली, मग घाबरून डेट्रॉइटच्या किल्ल्यात परत आले. समोर इंग्रज सेनानी आयझॅक ब्रॉक आणि टेकुमसेह. त्यांची फौज हल यांच्यापेक्षा लहान होती. पण आपल्याजवळ मूळ रहिवाशांचे असंख्य योद्धे आहेत आणि लढाई पेटली तर ते आपल्याला आवरणार नाहीत, अशी हूल ब्रॉक यांनी उठवली. १६ ऑगस्ट १८१२ रोजी हल यांनी लढाई न करताच किल्ला आणि फौज शत्रूच्या हवाली केली. लष्करी न्यायालयाने पुढे त्यांना देहान्ताची शिक्षा दिली. मॅडिसन यांनी जुनी कामगिरी लक्षात घेऊन ती माफ केली.

आणि बरोबर तीन दिवसांनी, १९ ऑगस्टला, ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन फ्रिगेटने भर अटलांटिकमध्ये ‘गेरिएर’ या इंग्रज युद्धनौकेचा चक्काचूर केला. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या ओक लाकडाच्या जाड कुशीवरून तोफगोळे उडून पडले, म्हणून खलाशांनी तिचं नाव ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ ठेवलं. तिचा कप्तान कोण? आयझॅक हल. शरण गेलेल्या जनरल हल यांचाच पुतण्या! एकाच आठवड्यात काकांनी घालवलं आणि पुतण्याने कमावलं. आपल्याकडे काका-पुतण्याच्या कथांना तोटा नाही, पण ही त्यांतही आगळी. ‘कॉन्स्टिट्यूशन’ अजून बॉस्टनला आहे, आरमाराच्या नोंदीवरही आहे, आणि हजारो लोक तिला बघायला जातात. डेट्रॉइटच्या शरणागतीची आठवण काढायला मात्र कुणी जात नाही. जिंकलेल्या दिवसाचं स्मारक होतं, हरलेल्या दिवसाची तळटीप होते.

पण समुद्रावरच्या अशा विजयांनी युद्धाचा रंग पालटला नाही. इंग्रज आरमाराने हळूहळू सगळा किनारा आवळला. १८१४ मध्ये अमेरिकेची निर्यात ७० लाख डॉलरपर्यंत खाली आली. जमिनीवर तर ऑक्टोबर १८१२ मध्ये नायगारा नदीकाठी क्वीन्स्टनच्या लढाईत न्यूयॉर्कच्या मिलिशियाने, म्हणजे हंगामी शिपायांनी, नदी ओलांडायलाच नकार दिला. आपलं काम राज्याचं रक्षण करणं आहे, परमुलखात शिरणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पलीकडच्या तीरावर आपलेच लोक मारले जात असताना ते अलीकडे उभे राहिले. एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकन फौजांनी यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, घेतलं आणि तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीला आग लागली. डिसेंबरात नायगाराकाठचं न्यूअर्क हे गाव ऐन थंडीत जाळलं. त्याचा बदला इंग्रजांनी आधी बफेलो जाळून घेतला.

मग २४ ऑगस्ट १८१४ उजाडला. नेपोलियनचा निकाल लागल्यामुळे इंग्लंडची कसलेली फौज मोकळी झाली होती. ब्लेडन्सबर्गला अमेरिकेच्या हंगामी शिपायांची दाणादाण उडाली आणि संध्याकाळी इंग्रज राजधानीत शिरले. अध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी निघता निघता जॉर्ज वॉशिंग्टन यांचं मोठं तैलचित्र भिंतीवरून काढून वाचवलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी अध्यक्षांच्या घरात मांडलेलं जेवण जेवून घेतलं आणि मग घराला आग लावली. संसदभवनही जळलं. जळके डाग लपवायला पांढरा रंग दिला म्हणून ‘व्हाइट हाउस’ हे नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी नाही. भिंती आधीपासूनच पांढऱ्या होत्या आणि नावही आधीच रूढ होतं. पण गोष्टीचा रोख पाहा. मानहानीवर रंग चढवून तिचं भूषण करायचं, ही गरज त्या गोष्टीत दिसते.

राजधानी जळाल्यावर तीन आठवड्यांनी इंग्रजांनी बाल्टिमोर गाठलं. बंदराच्या तोंडाशी फोर्ट मॅकहेन्री हा किल्ला. १३ सप्टेंबरच्या सकाळपासून सुमारे पंचवीस तास इंग्रज जहाजांनी त्यावर बाँबगोळे आणि अग्निबाण टाकले. किल्ला पडला नाही. किल्लेदार मेजर जॉर्ज आर्मिस्टेड यांनी वर्षभर आधीच एक अवाढव्य झेंडा शिवून घेतला होता, तीस फूट बाय बेचाळीस फूट. तो बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या बाईंनी घरातल्या मुलींच्या आणि ग्रेस विशर नावाच्या एका कृष्णवर्णीय उमेदवार मुलीच्या मदतीने शिवला. १४ सप्टेंबरच्या पहाटे तो झेंडा समुद्रावरून पाहिला फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने. एका कैदी डॉक्टरांची सुटका करून घ्यायला तो इंग्रजांकडे गेला होता आणि हल्ला संपेपर्यंत त्याला परतू दिलं नव्हतं. त्याने कविता लिहिली. ती ज्या चालीवर म्हटली जाऊ लागली, ती चाल होती लंडनच्या एका मंडळाच्या गाण्याची, म्हणजे शत्रूच्याच घरची! १९३१ मध्ये कायद्याने ते गीत राष्ट्रगीत झालं. झेंडा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

इथे मुंबईचाही एक धागा येतो. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाची ‘मिंडेन’ ही युद्धनौका बांधली. १८१० मध्ये ती पाण्यात उतरली. अमेरिकेचं राष्ट्रगीत याच ‘मिंडेन’वर लिहिलं गेलं, अशी कथा मुंबईत मोठ्या हौसेने सांगितली जाते. अभ्यासकांच्या मते मात्र की हा त्या रात्री अमेरिकेच्याच, तहाचं निशाण लावलेल्या नौकेवर होता. वाडियांच्या कारागिरीला अशा कथेची गरज नाही. ती जहाजं स्वतःच्या बळावर दशकानुदशकं समुद्रावर टिकली. पण अभिमानाला पुराव्यापेक्षा योगायोग जास्त आवडतो, आणि त्याला आपणही अपवाद नाही.

इकडे तोफा चालू असताना तिकडे बेल्जियममधल्या घेंट गावी दोन्ही देशांचे वकील तहाची बोलणी करत होते. अमेरिकेच्या बाजूला जॉन क्विन्सी अॅडम्स, अल्बर्ट गॅलॅटिन आणि युद्धाची हाक देणारे तेच हेन्री क्ले. इंग्लंडची सुरुवातीची मागणी जबर होती. सरोवरांच्या दक्षिणेला मूळ रहिवाशांसाठी अमेरिकेने मोठा मुलूख राखून ठेवावा, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडच्या सरकारने ड्यूक ऑफ वेलिंग्टनला अमेरिकेत सेनापती म्हणून पाठवायचा विचार केला. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या रणात शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. लढाईची किंमत त्याला चांगलीच माहीत होती. त्याने कळवलं, की सरोवरांवर आरमाराचं वर्चस्व नसेल तर मी जाऊनही उपयोग नाही, आणि युद्धाची आजची स्थिती बघता मुलूख मागण्याचा आपल्याला हक्कही नाही. त्याच्या सल्ल्याने तहाची वाट मोकळी झाली.

२४ डिसेंबर १८१४ रोजी तह झाला. मी वर्गात हे युद्ध शिकवायचो तेव्हा फळ्यावर दोन रकाने आखत असे. डावीकडे ‘कशासाठी लढले’, उजवीकडे ‘तहात काय मिळालं’. डावीकडे मुलं भराभर सांगायची: खलाशांची धरपकड, तटस्थ व्यापाराचा हक्क, कॅनडा. मग उजवा रकाना. धरपकडीबद्दल तहात एक शब्द नाही. तटस्थ व्यापाराबद्दल नाही. कॅनडा नाही. सीमा युद्धापूर्वी होती तिथेच. नेपोलियनशी चाललेलं युद्ध थांबल्यामुळे इंग्लंडला खलाशांची गरज उरली नाही आणि ती धरपकड आपोआप बंद पडली. उजवा रकाना कोराच राहायचा. आपल्याकडे म्हणतात, ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’. इथे युद्धातही बरोबरी आणि तहातही बरोबरी.

मग विजय कुठून आला? तो आला न्यू ऑर्लिन्सहून. तह झाल्याची बातमी अजून समुद्रावर असताना ८ जानेवारी १८१५ रोजी तिथे मोठी लढाई झाली. अँड्र्यू जॅक्सन यांच्या मातीच्या तटामागे टेनेसी आणि केंटकीचे बंदूकधारी होते, खडे सैनिक होते, स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या पलटणी होत्या, चॉक्टॉ योद्धे होते, जाँ लाफितचे चाचे होते. वेलिंग्टनचा मेहुणा सर एडवर्ड पॅकनहॅम मोकळ्या मैदानातून चालून आला आणि मारला गेला. मेलेले, जखमी आणि कैद झालेले मिळून इंग्रजांचे सुमारे दोन हजार लोक गेले. मुख्य हल्ल्यात मेलेले अमेरिकन मोजके, डझनभर. हा विजय खराच मोठा होता. फक्त त्याने तहातला एक शब्दही बदलला नाही, कारण सह्या दोन आठवड्यांपूर्वीच झाल्या होत्या.

पण बातम्या कोणत्या क्रमाने आल्या ते महत्त्वाचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वॉशिंग्टनला विजयाची बातमी आली, आणि दहाएक दिवसांनी तहाची. लोकांनी दोन्ही जोडून घेतल्या: आपण न्यू ऑर्लिन्सला त्यांना धूळ चारली आणि तह झाला! त्याच सुमारास न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांचे प्रतिनिधी हार्टफर्डच्या परिषदेतल्या तक्रारी घेऊन राजधानीत पोचले. युद्धाने देश बुडाला, असं सांगायला ते आले होते. समोर दिवाळी चाललेली. त्यांच्या बऱ्याच तक्रारी रास्त होत्या. पण त्या दिवसापासून त्यांच्या पक्षावर देशद्रोहाचा जो शिक्का बसला, तो पक्ष संपेपर्यंत पुसला गेला नाही.

या युद्धाचा शेवटचा बार आपल्या बाजूच्या समुद्रात उडाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. ३० जून १८१५ रोजी, जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत, अमेरिकेच्या ‘पीकॉक’ची गाठ ‘नॉटिलस’शी पडली. ‘नॉटिलस’ ही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातली लहान नौका. तिचा कप्तान बॉइस याने ओरडून सांगितलं, की तह झाला आहे. अमेरिकन कप्तान वॉरिंग्टन म्हणाला, खरं असेल तर झेंडा उतरवून दाखव. बॉइसने झेंडा उतरवायला नकार दिला. तोफा सुटल्या, खलाशी मेले, बॉइस जबर जखमी झाला. तहाची खात्री पटल्यावर ‘पीकॉक’ने नौका परत देऊन टाकली. तह होऊन सहा महिने उलटले होते. शिल्लक होता तो फक्त झेंड्याचा प्रश्न. त्या खलाशांचे प्राण कशासाठी गेले, याला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

या युद्धात खरं हरलं कोण, हेही सांगायला हवं. टेकुमसेह ५ ऑक्टोबर १८१३ रोजी थेम्स नदीकाठच्या लढाईत मारला गेला. त्याची एकजूट त्याच्याबरोबर गेली. घेंटच्या तहात एक कलम होतं, की मूळ रहिवाशांना १८११ मध्ये होते ते हक्क आणि मुलूख परत द्यावेत. ते कागदावरच राहिलं, आणि इंग्लंडनेही मागे वळून पाहिलं नाही. दक्षिणेत ऑगस्ट १८१४ मध्ये जॅक्सन यांनी क्रीक जमातीकडून २ कोटी ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. त्यात जॅक्सन यांच्या बाजूने लढलेल्या क्रीक लोकांचीही जमीन होती. हेच जॅक्सन पुढे अध्यक्ष झाले आणि १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा त्यांच्याच सहीने झाला. आणखी एक नोंद. या युद्धात सुमारे चार हजार गुलाम मालकांकडून पळून इंग्रजांकडे गेले आणि मुक्त झाले. त्यांची भरपाई म्हणून १८२६ मध्ये इंग्लंडने अमेरिकेला सुमारे १२ लाख डॉलर मोजले. मुक्तीच्या गीतांच्या या देशात मुक्त झालेल्या माणसांची किंमत मालकांना मिळाली.

आता परराष्ट्र धोरणाकडे येऊ. लोकांनी न्यू ऑर्लिन्स लक्षात ठेवलं. राज्य चालवणाऱ्या काही जणांनी मात्र जळलेली राजधानी लक्षात ठेवली. जेम्स मन्रो युद्धकाळात परराष्ट्रमंत्री होते आणि इंग्रज चालून येत असताना स्वतः घोड्यावरून टेहळणीला गेले होते. अॅडम्स घेंटला महिनोन्महिने बोलणी करत बसले होते. १८१७ मध्ये मन्रो अध्यक्ष झाले आणि अॅडम्स त्यांचे परराष्ट्रमंत्री. त्याच वर्षी रश आणि बॅगट यांच्यात करार होऊन ज्या सरोवरांवर एवढं रक्त सांडलं, तिथल्या युद्धनौका दोन्ही देशांनी जवळजवळ काढून घेतल्या. एका सरोवरावर एखादी छोटी नौका आणि तिच्यावर एक तोफ, एवढीच मुभा. १८१८ मध्ये रॉकी पर्वतापर्यंतची सीमा ठरली. किल्ले बांधणं पुढे बरीच वर्षं चालू राहिलं, कुरबुरीही झाल्या, पण दोन्ही देशांत पुन्हा युद्ध झालं नाही. ४ जुलै १८२१ रोजी अॅडम्स यांनी भाषणात बजावलं, की परदेशात राक्षस शोधत हिंडणं हे अमेरिकेचं काम नव्हे. तसं केलं तर जगावर सत्ता मिळेल, पण स्वतःवरची जाईल.

२ डिसेंबर १८२३ रोजी मन्रो यांनी आपली प्रसिद्ध भूमिका मांडली: अमेरिका खंडांत युरोपने नव्या वसाहती करू नयेत, आम्हीही युरोपच्या भांडणांत पडणार नाही. ही घोषणा इंग्लंडबरोबर संयुक्तपणे करायची संधी होती. अॅडम्स म्हणाले, इंग्रज युद्धनौकेमागे बांधलेल्या होडीसारखं आपण जायचं नाही. हा अभिमानच होता. पण तो अमलात आणायला आरमार अमेरिकेजवळ नव्हतं. इतर युरोपीय सत्तांना प्रत्यक्षात अडवून धरत होतं ते इंग्लंडचं आरमार. दोघांनाही हे ठाऊक होतं. स्वतःचा मान राखायचा आणि स्वतःचं बळही ओळखायचं, हे दोन्ही त्या पिढीला जमलं होतं. पुढच्या पिढ्यांनी त्यातला मान तेवढा घेतला. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध झालं, १८९८ मध्ये स्पेनशी, आणि मन्रो यांची बचावाची भूमिका हळूहळू शेजाऱ्यांच्या कारभारात हात घालण्याचा परवाना बनली.

गंमत म्हणजे हे युद्ध तीन देशांना तीन तऱ्हांनी आठवतं. अमेरिकेला ते दुसरं स्वातंत्र्ययुद्ध वाटतं. कॅनडाला वाटतं, आपण बलाढ्य शेजाऱ्याला परतवलं आणि तिथून आपण वेगळे झालो. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने द्विशताब्दी थाटात साजरी केली. इंग्लंडला वॉटर्लू आठवतं, हे युद्ध जवळजवळ आठवतच नाही. २०२५ च्या सुरुवातीला अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य म्हणू लागले, तेव्हा कॅनडातल्या हॉकीच्या मैदानांवर प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. ज्या युद्धात ते गीत जन्मलं, त्याच युद्धात कॅनडा घेणं म्हणजे ‘नुसतं चालत जाणं’ वाटलं होतं, हे तिथे किती जणांना आठवलं असेल, कोण जाणे.

अभिमान वाईट असं मला म्हणायचं नाही. भर समुद्रात आपली माणसं कुणी उचलून नेत असेल, तर ज्याला राग येत नाही तो देश कसला? फोर्ट मॅकहेन्रीच्या तटावर रात्रभर उभं राहणाऱ्यांचं धैर्य खरं होतं. पण त्या झेंड्याबरोबर डेट्रॉइट, जळलेलं यॉर्क, जळलेलं वॉशिंग्टन आणि क्रीक लोकांची ती जमीन, हेही सांगितलं जायला हवं. गीत कोणत्याही देशाचं असो, ते लढाईच्या एका पहाटेबद्दल असतं. युद्धाचा हिशेब मात्र त्या पहाटेनंतर सुरू होतो, आणि तो मांडणारा माणूस त्या दिवशी लोकांना आवडत नाही. मन्रो आणि अॅडम्स यांनी तो काही काळ मांडला, म्हणून आज त्या दोन देशांमधली सुमारे नऊ हजार किलोमीटरची सीमा दोनशे वर्षं युद्धावाचून राहिली आहे.